तोंडओळखीपासून घरोब्यापर्यंत : इंग्रजी शब्दसंपदेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीसेक वर्षं मी संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते. येणारे बहुतेक मराठी माध्यमातले असतात. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतं, कुणी परदेशी शिकायला निघालेलं असतं, कुणी नोकरीत ईमेल लिहिताना अडतं, आणि दोन-तीन जण निवृत्तीनंतर निव्वळ हौसेपोटी येतात. साधं इंग्रजी या सगळ्यांना येतं, गाडी अडते ती त्याच्या पुढच्या चढावर. तिथे पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत स्वतः उतरवा, म्हणजे त्या शब्दावरून एक हात आपोआप फिरेल.

रोज दहा शब्द पाठ करतो. वाचताना ओळखू येतात, पण लिहायला बसलं की एकही आठवत नाही. असं का होतं?

त्या शब्दांशी तुमची तोंडओळख झाली आहे, घरोबा झालेला नाही. बाजारात एखादा चेहरा दिसला की 'याला कुठेतरी पाहिलंय' एवढं कळतं, पण अडीनडीला रात्री त्याचं दार वाजवता येत नाही. ओळखणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींचा सराव वेगळा करावा लागतो. मराठीतही असंच आहे. कीर्तनात 'उपाधी', 'परमार्थ', 'विकल्प' हे शब्द कानावर पडतात, कळतातही. रोजच्या बोलण्यात ते आपल्या तोंडी किती वेळा येतात?

दहावरून तीनवर या. तीन शब्द घ्या आणि प्रत्येकाचं स्वतःच्या आयुष्यातलं एकेक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवून काढलं तर ते पुस्तकाचंच राहतं.

मग शब्द 'येतो' असं कधी म्हणायचं? अर्थ पाठ असणं पुरेसं नाही का?

नाही. हे मला एका मुलाच्या निबंधाने जितकं लख्ख दाखवलं तितकं कुठल्याच पुस्तकाने दाखवलं नाही. विषय होता 'माझी आई'. वडील गेल्यावर आईने शिवणकाम करून तिघा भावंडांना वाढवलं होतं. साबणाची वडी झिजली की तिचा कपचा ती नव्या वडीला चिकटवायची. टपालाने आलेलं पाकीट उलगडून त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर महिन्याचा हिशेब लिहायची. मुलाने हे सगळं साध्या, छोट्या वाक्यांत लिहिलं होतं, आणि शेवटी भारदस्त शब्द हवा म्हणून लिहिलं : 'माय मदर इज अ पॅरसिमोनियस वुमन.'

त्याच्या गाइडमध्ये पॅरसिमोनियस या शब्दापुढे 'काटकसरी' असा एकच अर्थ छापला होता. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला या शब्दात नापसंती ऐकू येते. हात आखडणारी, चिक्कू, द्यायची वेळ आली की मागे सरणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. मुलाला म्हणायचं होतं फ्रुगल किंवा थ्रिफ्टी, म्हणजे जपून खर्च करणारी, पैशापैशाला मोल देणारी. मी हे सांगितल्यावर त्याने तो शब्द पट्टी धरून खोडला, थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "मॅडम, हे पुस्तकात का नाही लिहिलं?"

तेव्हापासून मी शब्द शिकवताना अर्थाच्या सोबत त्याचा सूर सांगते : कौतुकाचा, नापसंतीचा की निव्वळ माहितीचा. मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. धाडसी, आगाऊ आणि आततायी हे तिन्ही शब्द एकाच मुलाबद्दल तीन वेगळी माणसं वापरू शकतात, आणि कोण त्याच्या बाजूचं आहे ते आपल्याला लगेच कळतं. इंग्रजीत करेजस, ब्रॅश आणि रेकलेस यांच्यात तसाच फरक आहे.

एकूण किती शब्द लागतात? आकडा सांगा.

पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने २००६ मध्ये हिशेब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीविना वाचायचं तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं माहीत हवीत. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं. अ‍ॅनलाइझ, अ‍ॅनॅलिसिस, अ‍ॅनॅलिस्ट आणि अ‍ॅनॅलिटिकल हे सगळं एकच घर. इतके शब्द आले की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे निघतात.

९८ टक्के फार वाटतात ना? ३०० शब्दांचं एक पान घ्या. ९८ टक्के येत असतील तर त्या पानावर सहा शब्द अडतील आणि अंदाजाने वाचन पुढे सरकेल. ९५ टक्के येत असतील तर पंधरा अडतील, आणि पंधरा ठिकाणी ठेच लागली की गोष्टीचा धागा सुटतो. शेवटच्या तीन टक्क्यांसाठी इतकी मेहनत का, याचं उत्तर या हिशेबात आहे. आकड्याने दडपून मात्र जाऊ नका, बारावी झालेल्या मुलाकडे यातला मोठा वाटा आधीपासून असतो.

कोणते शब्द आधी शिकावेत? याद्या तर ढीगभर आहेत.

सगळ्यात वारंवार येणाऱ्या साधारण २,००० शब्दकुटुंबांची यादी मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. ते शब्द तुम्हाला बहुतेक येत असतील, तरी एकदा नजर फिरवून खात्री करा. त्यानंतर थेट दुर्मीळ शब्दांकडे उडी मारू नका. मधली पायरी म्हणजे अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट. तिच्यात फक्त ५७० शब्दकुटुंबं आहेत, पण अभ्यासाच्या पुस्तकांतले सुमारे १० टक्के शब्द त्यांतले असतात. कन्स्ट्रेन, डिराइव्ह, इम्प्लिसिट, सस्टेन, अंडरटेक असे शब्द त्यात भेटतात. संपादकीय असो, कार्यालयीन अहवाल असो वा शोधनिबंध, सगळीकडे हेच लागतात. ज्या शब्दांना ऐकणाऱ्याने 'वा' म्हणावं ते शब्द यात नाहीत, आणि म्हणूनच मुलं ही यादी टाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच टाळण्याने होतं.

शब्दांची वही कशी ठेवायची?

दोन रकान्यांची, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशी वही ठेवू नका. एका शब्दाला अर्धं पान द्या. माझ्या वहीतला एक शब्द उघडून दाखवते : मिटिगेट.

सगळ्यात वर, जिथे भेटला ते वाक्य. दुष्काळाचे परिणाम मिटिगेट करण्यासाठी सरकारने काय केलं, अशा एका बातमीत तो भेटला होता. त्याखाली अर्थ : एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणं. माझ्या शब्दांत, झळ कमी करणं. मग सोबत, म्हणजे हा शब्द कुणाच्या संगतीत फिरतो. रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. सगळी मंडळी वाईट आहेत हे लक्षात घ्या. कुणी आनंद मिटिगेट करत नाही. न्यायालयात मिटिगेटिंग सर्कम्स्टन्सेस येतात, म्हणजे शिक्षा सौम्य व्हावी अशी आरोपीची परिस्थिती. मग मूळ : लॅटिन मिटिस, म्हणजे मऊ. तिथे मी कंसाशिवाय ठळक अक्षरांत 'मवाळ' लिहिलं आहे, कारण मवाळ करणं इतका नेमका मराठी धागा दुसरा सापडणार नाही. मग शेजारी. अलीव्हिएट हा त्याचा शेजारी, पण वेदना, दारिद्र्य, हाल यांच्यासोबत तो जास्त शोभतो. त्यात लॅटिन लेव्हिस आहे, म्हणजे हलकं, आणि हा लेव्हिस संस्कृत लघु शब्दाचा सख्खा भाऊ. अलीव्हिएट म्हणजे भार हलका करणं, मिटिगेट म्हणजे धार मवाळ करणं. त्याखाली लाल शाईत एक इशारा : मिलिटेट हा वेगळा शब्द. त्याच्यामागे अगेन्स्ट येतं आणि अर्थ विरोधात जाणं असा होतो. मिटिगेटच्या मागे अगेन्स्ट लावायचं नाही.

शेवटी माझं वाक्य. आमच्या गल्लीतल्या झाडांनी उन्हाचा त्रास कसा कमी केला यावर ते आहे. या अर्ध्या पानाला वीस मिनिटं लागली. पण त्या वीस मिनिटांत मिटिगेट, अलीव्हिएट आणि मिलिटेट असे तीन शब्द मार्गी लागले.

ही 'सोबत' इतकी महत्त्वाची कशी?

मराठीतच पाहा. झोप गाढ लागते, खोल लागत नाही. मैत्री घट्ट असते, धुकं दाट असतं, चहा कडक असतो. कर्ज काढतात आणि फेडतात, सूड उगवतात, दवंडी पिटतात. 'त्याने सूड पेरला' असं कुणी म्हटलं तर अर्थ कळेल, पण हा माणूस बाहेरचा आहे हेही कळेल. इंग्रजीत झोप डीप किंवा साउंड असते, मैत्री क्लोज असते, पाऊस हेवी आणि चहा स्ट्राँग असतो. गुन्हा कमिट करतात, निष्कर्ष ड्रॉ करतात, शंका रेज करतात. घट्ट मैत्रीचं टाइट फ्रेंडशिप करणं ही व्याकरणाची चूक नाही, म्हणून शाळेत कुणी त्याखाली लाल रेघ मारत नाही आणि ती जन्मभर तशीच राहते.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हीच गोष्ट मांडली : शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. हे फर्थ तरुणपणी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

अर्थ मराठीत लिहायचा की इंग्रजीतच? आमचे सर मराठीला बंदी करतात.

बंदी नको. मराठी हा तुमचा भरलेला कोठार आहे, त्याला कुलूप लावून उपाशी बसण्यात काय शहाणपण? पण मराठी प्रतिशब्द ही शब्दाची सुरुवात समजा आणि तो कुठे कमी पडतो ते शोधा. 'मला लाज वाटली' हे एक वाक्य आपण तीन वेगळ्या प्रसंगी म्हणतो. अनोळखी माणसांपुढे बोलताना वाटली तर इंग्रजीत शाय, केलेल्या चुकीची वाटली तर अशेम्ड, चारचौघांत चप्पल तुटली तेव्हा वाटली तर एम्बॅरस्ड. स्टेजवर जाताना आय वॉज अशेम्ड लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, याने काहीतरी गैर केलं असावं. 'ऐतिहासिक' शब्दाचंही तसंच. न्यायालयाचा ऐतिहासिक निकाल हिस्टॉरिक असतो, ऐतिहासिक कादंबरी मात्र हिस्टॉरिकल.

उलट काही ठिकाणी मराठीच हात देते. चाइल्डिश आणि चाइल्डलाइक यांत मुलं हमखास गोंधळतात, पण 'बालिश' आणि 'बालसुलभ' सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

शब्दकोश कोणता वापरावा?

शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, म्हणजे ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात तो. त्याचा इतिहास मला फार आवडतो. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसोबत कोश रचला आणि तो १९४२ साली टोकियोत छापला गेला. पुढे ऑक्सफर्डने १९४८ मध्ये तो काढला. आजची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. शब्दाचा अर्थ माहीत असूनही वाक्य का चुकतं, या प्रश्नातून तो कोश जन्मला. लाँगमनने १९७८ च्या आपल्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिल्या. हे दोन्ही कोश आज मोफत ऑनलाइन पाहता येतात. उदाहरणांची वाक्यं सोडून फक्त पहिला अर्थ पाहून खिडकी बंद करू नका, खरा ऐवज उदाहरणांत असतो.

आणि मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराचा मराठी-इंग्रजी कोश कधीतरी हौसेने उघडा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. इंग्रजी जुनं आहे, त्यामुळे वापरायला घेऊ नका. पण 'खोडी', 'हुरहुर', 'आढ्यता' अशा आपल्या रोजच्या शब्दांची छटा पकडण्यासाठी त्या माणसाने केवढा जीव ओतला आहे ते पाहा. दुसऱ्याच्या भाषेचा शब्द असाच शिकायचा असतो.

मूळ धातू आणि उपसर्ग शिकून खरंच फायदा होतो का?

होतो, आणि संस्कृतचा थोडा गंध असलेल्या मराठी माणसाला तर दुप्पट होतो, कारण लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या. बैलाच्या मानेवरचं जू घ्या. ते संस्कृत युग शब्दावरून आलं, इंग्रजी योक त्याचाच भाऊ, लॅटिनमध्ये युगुम. सब्जुगेट म्हणजे अक्षरशः जुवाखाली आणणं, अंकित करणं. ज्याने शेतात जू पाहिलं आहे त्याला हा शब्द एकदा सांगितला की पुरतो.

पशुधन हा आपला शब्द पाहा. जनावरं हीच संपत्ती, ही कल्पना रोमनांचीही होती. लॅटिन पेकुस म्हणजे गुरंढोरं. हा पेकुस आणि आपला पशु हे एकाच मुळाचे. त्यावरून पेकुनिया म्हणजे पैसा, त्यावरून इंग्रजीत पिक्युनियरी म्हणजे पैशासंबंधीचं, आणि इम्पिक्युनियस म्हणजे कफल्लक. अज्ञेय शब्दातला अ आणि ज्ञ दोन्ही अ‍ॅग्नॉस्टिकमध्ये बसलेले आहेत. टॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये तो शब्द घडवला आणि मराठीत त्यासाठी अज्ञेयवादी रुळला, म्हणजे लांबची भावंडं पुन्हा एकत्र आली.

पण सारखा दिसणारा प्रत्येक जण नातेवाईक नसतो. संत आणि सेंट यांचा काही संबंध नाही. आपला संत सत् वरून आला, सेंट लॅटिन सँक्टस वरून. उपसर्गही फसवतात. इन म्हणजे नकार हे पाठ करून बसाल तर इन्फ्लेमेबल लिहिलेल्या टँकरजवळ निर्धास्त उभे राहाल, आणि त्याचा अर्थ तर ज्वालाग्राही आहे. तिथला इन नकाराचा नाहीच. इन्व्हॅल्युएबल म्हणजेही निरुपयोगी नव्हे, तर ज्याचं मोल करता येत नाही असं. मूळ हा अंदाज करायचा आधार, निकाल शब्दकोशाचा.

एकाच अर्थाला इंग्रजीत इतके शब्द कशासाठी?

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं राजदरबारात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन, शेतात इंग्रजी असे थर बसले. ते थर शब्दांत अजून दिसतात. आस्क हा जुना घरगुती शब्द, क्वेश्चन फ्रेंचमार्गे आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधून. आई मुलाला आस्क करते, पत्रकार मंत्र्याच्या निर्णयाला क्वेश्चन करतो, पोलीस संशयिताला इंटरॉगेट करतात.

आपल्याकडे हे अपरिचित नाही. घरातला गडी, सरकारी नोकर आणि लोकसेवक : देशी, फारसी आणि संस्कृत असे तीन थर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातले फारसी शब्द बदलण्यासाठीच. शब्द कुठल्या थरातून आला यावर त्याचा मान ठरतो, हे ज्या भाषेने इतक्या जवळून पाहिलं तिच्या लेकरांना आस्क आणि इंटरॉगेट यांतला फरक अवघड जाऊ नये.

मराठीत आपण कितीतरी इंग्रजी शब्द वापरतो. ते तर येतातच ना?

तेच जास्त जपून वापरावे लागतात. मराठीत आल्यावर त्यांनी संसार थाटला आणि अर्थ बदलला. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजीत मुक्कामाची. 'पेशंट सीरियस आहे' याला इंग्रजीत क्रिटिकली इल लागतं. नुसतं सीरियस म्हटलं तर तो गंभीर स्वभावाचा होतो. गुबगुबीत बाळाला आपण 'हेल्दी' म्हणतो, इंग्रजीत सडपातळ बाळही हेल्दी असतं. आपलं टेन्शन बहुतेक वेळा तिकडचं वरी किंवा स्ट्रेस. प्रीपोनची गोष्ट निराळी, तो भारतात घडलेला शब्द आता ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे. भारतात खुशाल वापरा, परदेशी पत्रव्यवहारात ब्रिंग फॉरवर्ड म्हणा.

पाठ केलेलं आठवड्यात विसरतं. काही उपाय?

हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला. विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं, मग मंदावतं. त्यामुळे उजळणी पहिल्या दिवसांत दाट आणि नंतर विरळ हवी. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी खोक्यांची युक्ती सांगितली. शब्द चिठ्ठीवर लिहायचे. आठवला की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, जे कमी वेळा उघडायचं. अडला की परत पहिल्या खोक्यात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या आणि मिठाईचे चार रिकामे डबे एवढ्यात काम भागतं. मोबाइलवरची अ‍ॅप्सही हेच करतात, हाताशी असतील तर जरूर वापरा. मात्र चिठ्ठीच्या मागे नुसता अर्थ नको, तुमच्या वाक्यातली शब्दाची जागा गाळून ते वाक्य लिहा. वाक्य वाचून शब्द आठवला तरच तो लिहितानाही आठवेल.

वाचायचं काय?

जे वाचताना पुढे काय झालं याची ओढ लागेल ते. संपादकीयं चांगलीच, पण क्रिकेटवेड्या मुलाने सामन्याचं वर्णन वाचावं, शेती करणाऱ्याने पिकांवरचे लेख वाचावेत. विषय ओळखीचा असला की शब्दाचा अंदाज बरोबर निघतो. एकाच विषयावरचे चार-पाच लेख सलग वाचले तर तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि वेगळी उजळणी करावी लागत नाही.

उच्चारांचं काय?

स्वर आणि व्यंजनं आपल्याला जमतात, आघात निसटतो. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलेबलवर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. कोशात ज्या अवयवाआधी वर छोटी उभी रेघ असते तिथे जोर द्यायचा. प्रत्येक नव्या शब्दाखाली वहीत ती रेघ काढा.

अवघड शब्द वापरले की छाप पडते ना?

एखाद्या शब्दाला दुसरा पर्यायच नसेल तेव्हा पडते. युटिलाइझ लिहायची हौस असते, पण यूज पुरत असेल तर यूज लिहा. प्रगत शब्दसंपदा म्हणजे नेमका शब्द निवडता येणं. डिसइंटरेस्टेड जज म्हणजे निःपक्ष न्यायाधीश आणि अनइंटरेस्टेड जज म्हणजे खटल्यात लक्ष नसलेला न्यायाधीश, हा फरक करता येणारा माणूस मला शंभर भारदस्त शब्द पाठ असलेल्यापेक्षा पुढचा वाटतो.

परीक्षेसाठी तरी याद्या पाठ कराव्या लागतातच की!

परीक्षाही बदलल्या. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईने ऑगस्ट २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न काढून टाकले, आता शब्द वाक्यात आणि उताऱ्यातच विचारतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत लेखनाच्या आणि संभाषणाच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा आहे, आणि त्यात शब्द अचूक व शोभेल असा वापरला का हे पाहतात. यूपीएससी मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा, पात्रतेपुरता, २५ टक्के पुरतात. त्यासाठी दुर्मीळ शब्दांमागे महिने घालवू नका.

मी मराठी माध्यमातला, वय चाळीस. आता जमेल?

जमेल. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी आम्ही सगळे पाचवीत एबीसीडी गिरवायला बसलो. उशिरा सुरुवात झालेली एक अख्खी पिढी आज उत्तम इंग्रजी लिहिते. चाळिशीत तुमच्याकडे अनुभव आहे, म्हणजे प्रत्येक शब्दाला लावायला स्वतःचा प्रसंग आहे. विशीतल्या मुलाला रिझेंटमेंट, म्हणजे मनात साचलेला कडवटपणा, काय असतो ते समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही.

आज सुरुवात करायची तर पहिला शब्द कोणता घेऊ?

नवा घेऊ नका. जे शब्द येतात असं वाटतं त्यांचा दुसरा अर्थ शोधा. अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता, आणि प्रश्नाला अ‍ॅड्रेस करणं म्हणजे त्याला हात घालणं. एंटरटेन म्हणजे करमणूक करणं, आणि तक्रार एंटरटेन करणं म्हणजे तिची दखल घेणं. टेबल म्हणजे मेज, आणि भारतात वा ब्रिटनमध्ये संसदेत कागद टेबल करणं म्हणजे सभागृहापुढे ठेवणं. अमेरिकेत मात्र प्रस्ताव टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. वेदर म्हणजे हवामान, आणि संकट वेदर करणं म्हणजे त्यातून तगून निघणं.

आणि मुंबईत हार्बर लाइनने रोज ये-जा करत असाल तर हार्बर घ्या. बंदर हा त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीत माणूस मनात ग्रज हार्बर करतो, डाउट हार्बर करतो : अढी किंवा शंका मनाच्या बंदरात नांगर टाकून बसते. अशी कुणाबद्दलची कुठली अढी तुमच्या मनात किती वर्षं मुक्कामाला आहे, त्याचं एक वाक्य आज रात्री वहीत लिहा. वही कुणाला दाखवायची नाही.